चार अनोळखी कंद, सहा माणसांचं जेवण

कंद अनोळखी असला की मी आधी तो धुते, कापते, हुंगते आणि एक पातळ काप चाखून बघते. रेसिपी शोधायची ती त्यानंतर. रेसिपी लिहिणाऱ्याच्या हातातला कंद कोवळा होता की जून, गोड होता की उग्र, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. आपल्या हातातला मात्र समोर असतो, आणि नीट बघितलं तर तो स्वतःबद्दल बरंच सांगतो.

या वेळी ओट्यावर सेलेरिॲक, रुटाबागा, पार्सनिप आणि जेरुसलेम आर्टिचोक असे चार प्रकार होते. चारही घरात पहिल्यांदाच आलेले. जेवायला आम्ही सहा जण: आम्ही दोघं, सासूबाई, सासरे, मुलगी आणि धाकटा. सासऱ्यांना दातांमुळे मऊच लागतं. सासूबाईंना जेवणात गोडसर भाजी चालत नाही. धाकट्याला काहीतरी कुरकुरीत हवं असतं, आणि मुलगी सध्या अशा वयात आहे की जेवून तास होत नाही तोच तिला पुन्हा भूक लागते. नवी भाजी वाटीभर चाखायला आणि पोट भरायला नेहमीचंच, असं करता आलं असतं. पण ते मी मुद्दाम टाळलं. नवा पदार्थ ताटाच्या कडेला ठेवला की तो कडेलाच राहतो. म्हणून अख्खं जेवणच या चौघांचं करायचं ठरवलं.

असं जेवण करताना मला एका गोष्टीचा फार आधार वाटतो. कंद ही झाडाची साठवण आहे. पुढच्या हंगामात फुटवा यावा, फुलं यावीत म्हणून झाड जमिनीखाली शिधा भरून ठेवतं, पण प्रत्येक झाडाची भरण्याची पद्धत निराळी. बटाटा स्टार्च भरतो. पार्सनिप स्टार्च भरतं आणि थंडी पडली की त्यातल्या बऱ्याच भागाची साखर करतं. जेरुसलेम आर्टिचोक स्टार्चच्या वाटेला फारसा जातच नाही, तो इन्युलिन नावाचं तंतुमय कर्बोदक साठवतो. रुटाबागात पाणी भरपूर, थोडी साखर, आणि सोबत कोबीच्या कुळातला तो उग्रपणा. कंदानं आत काय भरून ठेवलंय हे कळलं की तो कसा शिजवायचा हे निम्मं तरी कळतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं या चौघांत खरंखुरं मूळ म्हणावं असं पार्सनिपच. सेलेरिॲक हा खोडाच्या बुडाचा फुगलेला भाग, रुटाबागात मूळ आणि त्याच्या वरचा भाग दोन्ही फुगतात, आणि जेरुसलेम आर्टिचोक हे बटाट्यासारखंच जमिनीखालचं खोड. स्वयंपाकघरात मात्र सगळे एकाच टोपलीतले.

चाखण्याबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण यात हयगय चालत नाही. हे चौघे कच्चे खाता येतात, म्हणून मी कच्चा काप चाखला. प्रत्येक कंदाचं तसं नसतं. कसावात, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदात, सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातींत तर फारच. तो सोलून, पूर्ण शिजवून, शिजवलेलं पाणी टाकूनच खायचा असतो, आणि कडू जातींना त्याआधी भिजवणं, आंबवणं असे संस्कार लागतात. अळूच्या आणि सुरणाच्या कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला तर तोंडाला, घशाला आग होते. तेव्हा आधी कंदाचं नाव नक्की करायचं, मग कच्चं चाखायचं की नाही ते ठरवायचं. नाव माहीत नसेल तर जिभेवर ठेवायचाच नाही.

सुरुवात सेलेरिॲकपासून केली, कारण तोच सगळ्यात अवघड दिसत होता. किलोभराचा खडबडीत गोळा, बुडाशी बारीक मुळांचा गुंता आणि त्या गुंत्यात घट्ट बसलेली माती. मुलगी तो उचलून सगळीकडून फिरवून बघत म्हणाली, "आई, याला सोलायचं कुठून?" प्रश्न रास्त होता. पीलर त्याच्यावर चालत नाही, खाचांमध्ये अडकतो. मी चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं घातलं म्हणजे बोर्ड सरकत नाही, गोळ्याचं डोकं आणि बूड सपाट कापून तो उभा केला आणि मोठ्या सुरीनं वरून खाली, त्याच्या गोलाईच्या कलानं, साल उतरवत गेले. जाड साल गेली, मुळांच्या खाचा गेल्या, आणि आतून हस्तिदंती रंगाचा घट्ट गर निघाला. त्याबरोबर ओटाभर वास पसरला: सेलरीचा, थोडा पार्सलीचा, आणि खाली कुठेतरी अक्रोडासारखा. मुलीनं पातळ काप तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "सेलरी आहे, पण पाणचट नाही." मला त्याहून नेमकं काही सांगता आलं नसतं.

सोलल्यावर वजनाचा पाव भाग तरी गेला. हे घेतानाच लक्षात ठेवावं लागतं. आकाराच्या मानानं जड लागेल तो घ्यावा. फार मोठा आणि हातात हलका लागणारा बहुतेक वेळा मध्ये भुसभुशीत, कधी पोकळ निघतो. कापलेला गर बघता बघता तपकिरी पडायला लागतो. त्यातली एन्झाइमं हवेतल्या ऑक्सिजनशी काम करतात म्हणून ते होतं. पाण्यात लिंबू पिळून फोडी त्यात टाकल्या की आंबटपणानं ते काम थांबतं. मी पातेलं आधीच तयार ठेवलं होतं.

सेलेरिॲकबद्दल एक सूचना इथेच. सेलरीची ॲलर्जी काहींना असते आणि ती गंभीर असू शकते. युरोपियन युनियनमध्ये पाकिटावर ज्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत सेलरी आहे आणि सेलेरिॲक तिच्यातच धरतात. घरच्यांचं आपल्याला माहीत असतं, पण पाहुणे असतील तर आधी विचारावं.

कच्चं चाखून झालं की प्रत्येकाचे दोन-दोन काप घ्यायचे. एक उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचा, दुसरा तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर भाजायचा. यातून मिळालेली माहिती मला पुढच्या दोन तासांना पुरली. सेलेरिॲक उकडल्यावर मऊ आणि सौम्य झाला, भाजल्यावर त्याचा वास वाढला. रुटाबागा उकडला तर कोबीकडे झुकला, भाजला तर गोडीकडे. पार्सनिप पाण्यात गेलं की त्याची गोडी पाण्यातच उतरली आणि काप लिबलिबीत झाला, तव्यावर मात्र कडा लगेच खरपूस. जेरुसलेम आर्टिचोक पाण्यात एका क्षणी कच्चा होता आणि बघता बघता लगदा झाला, मधली पायरी सापडलीच नाही. तव्यावर पातळ चकती कुरकुरीत झाली.

इतकं झाल्यावर जेवण आपोआप ठरलं. चौघे एकाच पातेल्यात घालून उकडायचे नाहीत, हे नक्की झालं. प्रत्येकाचा शिजायचा वेळ वेगळा, प्रत्येकाला मानवणारी आच वेगळी. एकत्र यायचं ते ताटात.

आता पोटभरीचं. कंद म्हटलं की आपण ते बटाट्याइतकेच भरीव असणार असं गृहीत धरतो. तसं नाही. बटाट्यात शंभर ग्रॅमला साधारण ७७ कॅलरी असतात, पार्सनिप त्याच्या जवळपास, ७५. पण सेलेरिॲक चाळीसच्या आसपास आणि रुटाबागा त्याहूनही थोडा कमी, कारण त्यात जवळजवळ ९० टक्के पाणी आहे. नुसत्या रुटाबागाचं मोठं ताट जेवलं तरी मुलीनं तासाभरात डबे धुंडाळले असते. म्हणून पाया मसुराचा घेतला. कोरड्या मसुरात शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि कंदांच्या गोडीला त्याची मातकट चव छान पेलते. सहा जणांना दोन वाट्या अख्खे मसूर घेतले. त्यात दोन कांदे बारीक चिरून, लसूण सढळ हातानं, एक गाजर, आणि सेलेरिॲकच्या घासून स्वच्छ केलेल्या सालींचं उकळून गाळलेलं पाणी. साली टाकून देऊ नका, अर्धा सुगंध त्यांतच असतो. फक्त माती पूर्ण जायला हवी, आणि त्याला जुन्या टूथब्रशशिवाय पर्याय नाही.

लिंबू किंवा टोमॅटो मसूर पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचा. आंबटामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि डाळ, कंद, काहीही असो, कितीही वेळ ठेवलं तरी टणक राहतं. याच नियमाचा उलटा उपयोगही करता येतो. एखादा कंद रश्श्यात विरघळू नये असं वाटत असेल तर थोडं आंबट आधीच घालावं.

रुटाबागाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण या चौघांत माझं मन त्याच्यावर बसलं. वरून जांभळट, खाली पिवळसर, आतून फिकट पिवळा. शिजला की हा पिवळा रंग गडद होतो आणि ताट एकदम उजळतं. बऱ्याचदा तो मेणाचा थर देऊन विकतात, म्हणजे तो सुकत नाही, त्यामुळे साल ठेवायचा प्रश्नच नाही, जाडच काढायची. कापायला हा फार घट्ट. सुरी अर्ध्यात रुतली की जोर लावून ओढू नये. बूड सपाट करून घ्यावं, सुरीच्या पाठीवर तळहात ठेवून हळूहळू दाबत जावं. हे काम मी मुलीला दिलं नाही.

त्याची जन्मकथाही मोठी रंजक आहे. रुटाबागा हा कोबीच्या आणि सलगमच्या जातींच्या नैसर्गिक संकरातून आला. कोबीच्या जातीत १८ गुणसूत्रं, सलगमच्या जातीत २०, आणि रुटाबागात दोन्हींची बेरीज, ३८. कोरियन वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ वू जांग-चुन यांनी १९३५ मध्ये या सगळ्या मोहरी-कोबी कुळाचं नातं उलगडून दाखवलं, एका त्रिकोणाच्या रूपात. ज्या जातीच्या बियांपासून कनोला तेल काढतात तीच रुटाबागाचीही जात. छापील नोंदींत तो १६२० मध्ये भेटतो: स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ गास्पार बोअँ यांनी स्वीडनमध्ये तो आपोआप उगवतो असं लिहून ठेवलं. काप चाखताना आधी गाजराची गोडी आणि मागून मुळ्याचा झणका लागतो. कोबी आणि सलगम, दोन्ही घराण्यांचं नाव तो राखून आहे.

आणि या भाजीच्या वाट्याला फार दुःखही आलंय. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं, नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येईना, आणि १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी रुटाबागावर काढला. एरवी गुरांना घालायचा तो कंद ब्रेडमध्ये, सूपमध्ये, अगदी जॅममध्येही गेला. त्या हिवाळ्याला तिथे आजही या कंदाच्याच नावानं ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्येही बटाटा मिळेना तेव्हा रुटाबागा आणि जेरुसलेम आर्टिचोक या दोघांवर लोकांनी दिवस काढले, आणि युद्ध संपल्यावर त्या पिढीतल्या अनेकांना हे दोन्ही पुन्हा ताटात नकोसे झाले. मी हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भुकेला धावून आलेलंच माणूस नंतर नको म्हणतं." पण त्या लोकांनी तो खाल्ला तसा, म्हणजे बिनतेलाचा, पाण्यात उकडून, रोजच्या रोज, तर मलाही नको झाला असता. तेल किंवा लोणी, मीठ आणि चांगली भाजणी, एवढं मिळालं की हाच कंद सणाच्या ताटात शोभेल असा होतो.

रुटाबागा फार वेळ, झाकण ठेवून उकडला की त्यातली गंधकाची संयुगं मोकळी होतात आणि घरभर शिळ्या कोबीचा वास भरतो. अनेकांच्या मनात याच्याविषयी जी अढी असते ती या वासाचीच. म्हणून मी त्याचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले, तेल-मीठ-मिरी चोळून २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ट्रेवर पसरले. पसरले हा शब्द महत्त्वाचा आहे. तुकड्यांत बोटभर अंतर हवं. इतकं पाणी असलेली भाजी ट्रेमध्ये दाटीनं भरली तर आपल्याच वाफेत उकडते, भाजली जात नाही. तिला पाऊण तास लागला, मध्ये एकदा उलथावी लागली, आणि तुकडे निम्म्यावर आले. एवढंच झालं का म्हणून घाबरू नये. पाणी जाऊनच ती गोडी येते.

पार्सनिपचं काम त्या मानानं थोडं. गोरं गाजर म्हणावं तसं दिसतं, पण वास वेगळा, मसाल्याकडे झुकणारा. मोठं असेल तर मधला गाभा लाकडासारखा असतो, उभं चिरून तो काढून टाकायचा. लहान पार्सनिपला गरज नाही. थंडी खाल्लेलं पार्सनिप जास्त गोड, म्हणून शेतकरी पहिली हिमाची रात्र उलटून गेल्यावर ते काढतात. युरोपात साखर घरोघरी पोचली नव्हती त्या काळात गोडीसाठी हेच वापरत. साखर जास्त म्हणजे करपायची घाईही जास्त. त्यामुळे रुटाबागा ओव्हनमध्ये वीस मिनिटं झाल्यावर पार्सनिपच्या जाडसर पट्ट्या दुसऱ्या ट्रेवर घातल्या. दोन्ही एकत्र घातले असते तर रुटाबागा शिजेपर्यंत पार्सनिपचा कोळसा झाला असता. कोणी घराच्या बागेत पार्सनिप लावलं असेल तर इतकंच सांगते की त्याच्या पाल्याचा रस त्वचेला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. पाला काढताना हातमोजे घाला.

सासूबाईंच्या गोडाच्या तक्रारीचा विचार इथेच केला. पट्ट्या ओव्हनमधून निघाल्या निघाल्या त्यांवर भरडलेली मिरी, लाल तिखट, एक चमचा मोहरीचा सॉस आणि भरपूर लिंबू. गरम असतानाच आंबट-तिखट आत शिरतं. गार झाल्यावर ते वरच राहतं.

सेलेरिॲकचे दोन भाग केले. मोठा भाग सासऱ्यांसाठी, म्हणजे खरं तर सगळ्यांसाठी, मऊ घोटायचा. सेलेरिॲकमध्ये स्टार्च पाच-सहा टक्केच असतो, म्हणून नुसता घोटला तर सैल, पाणी सुटणारा होतो. दोन वाट्या सेलेरिॲकला एक वाटी बटाटा हे प्रमाण मला जमलेलं वाटलं: बटाटा अंग देतो आणि चव सेलेरिॲकचीच राहते. निम्मं दूध, निम्मं पाणी, मीठ, दोन लसूण पाकळ्या, आणि मंद आच. सुरी न अडखळता आत जायला लागली की पाणी निथळून घेतलं, आणि तेच पातेलं रिकामंच पुन्हा गॅसवर ठेवून फोडी दोन मिनिटं हलवल्या. वाफ निघून जाते, आणि मग लोणी खरंच आत मुरतं. ही दोन मिनिटं कोणी वगळू नये असं मला मनापासून वाटतं. घोटायला साधं हातानं दाबायचं मॅशर घेतलं. मिक्सरमध्ये बटाट्याचा स्टार्च ताणला जाऊन चिकट होतो.

लहान भाग कच्चाच ठेवला. आगकाडीएवढे तुकडे, वर मीठ आणि लिंबू, वीस मिनिटं मुरू दिले म्हणजे त्यांचा ताठा जातो, मग घट्ट दही आणि मोहरीचा सॉस. फ्रान्समध्ये हेच मेयोनेझ घालून करतात आणि ते तिथलं अगदी रोजचं खाणं आहे. एवढं सगळं भाजलेलं, घोटलेलं, शिजवलेलं जेवण असताना एक गार, आंबट, कचकचीत गोष्ट ताटात हवीच होती.

राहिला जेरुसलेम आर्टिचोक. वाकडेतिकडे, आल्यासारखे फाटे फुटलेले लहान कंद. हा सूर्यफुलाच्या घराण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथले मूळ रहिवासी त्याची लागवड करत. फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शाँप्लेन यांनी १६०५ मध्ये केप कॉडला तो पाहिला आणि त्यानंतर थोड्याच काळात तो युरोपात पोचला. साल काढायच्या भानगडीत पडू नये, ती पातळ असते आणि चवीला चांगली. फाटे मोडून, खाचांतली माती घासून काढली की झालं.

याचा जपून वापर करायचं कारण त्यातलं इन्युलिन. आपल्या लहान आतड्याला ते पचवता येत नाही. ते तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. जिवाणूंना ते उत्तम, पण त्यातून वायू होतो, आणि सवय नसलेल्या माणसाला वाटीभर आर्टिचोक एकदम खाल्ला तर रात्रभर पोट फुगून त्रास होऊ शकतो. घरात वयस्क माणसं आणि लहान मूल असताना मी माणशी पाच-सहा चकत्यांवर थांबले. लिंबाच्या पाण्यात बराच वेळ उकळलं तर काही इन्युलिन मोडतं असं तंत्र आहे, पण मला तो कुरकुरीतच हवा होता. पातळ चकत्या, कोरड्या पुसून, तेलात मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत तळल्या आणि वरून मीठ. धाकटा ओट्याशी स्टूल लावून उभा होता. पहिली चकती त्यानं हुंगली, चाटली, मग चावली, आणि दुसरीसाठी हात पुढे केला. त्याला मोजून द्याव्या लागल्या.

वाढताना तळाशी सेलेरिॲकचं घोटणं, त्यात डावानं खळगा करून मसूर, बाजूला रुटाबागा आणि पार्सनिप, वर आर्टिचोकच्या चकत्या, आणि कच्चं सेलेरिॲक वाटीत वेगळं. सगळं मिळून दोन तास लागले. त्यातला बराच वेळ सोलण्यात गेला.

रुटाबागावर सासू-सासऱ्यांचं एकमत झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कडू लागतोय." सासरे म्हणाले, "कडू? मला तर गोड लागतोय." दोघांच्या ताटात एकाच ट्रेमधले तुकडे. कोबीच्या कुळातल्या भाज्यांमध्ये जी कडवट द्रव्यं असतात, ती जिभेला किती जाणवतात हे माणसागणिक बदलतं, आणि त्याचं एक कारण अनुवंशिक आहे. टीएएस२आर३८ नावाच्या जनुकाचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांतल्या काहींमुळे हा कडूपणा जास्त बोचतो. म्हणून ताटात कोणी रुटाबागा बाजूला सारला तर त्याला नाटकी म्हणू नये, विशेषतः मुलांना. त्यांना खरंच तसं लागत असेल. सासूबाईंनी तो मसुरात कुस्करून खाल्ला आणि मग चालला असं म्हणाल्या. पार्सनिप मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. तिखट-लिंबाचं श्रेय आहे, पण मला आनंद झाला.

सासऱ्यांनी घोटणं तीनदा घेतलं. नवरा कच्च्या सेलेरिॲकच्या वाटीपाशी रेंगाळला. मुलीनं सगळ्यातलं सगळं खाल्लं, आणि रात्री झोपेपर्यंत स्वयंपाकघरात फिरकली नाही.

उरलेल्याचंही सांगते. घोटण्यात दोन चमचे पीठ मिसळून, त्याच्या टिक्क्या करून सकाळी तव्यावर भाजल्या. लोणी आधीच आत असल्यानं तेल फारसं लागलं नाही. रुटाबागा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कडवटपणा निवलेला असतो. मसुरात घालून पाणी वाढवलं की घट्ट सूप होतं. सेलेरिॲक अर्धा राहिला तर कापलेल्या बाजूवर लिंबू चोळून, गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. कुठल्याही कंदाला पाला असेल तर ठेवण्याआधी कापून टाकावा, नाहीतर पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि कंद सुरकुततो.

पुढच्या खेपेला काळा सॅल्सिफाय आणायचा आहे. लांब, काळ्या सालीचा, आणि सोलताना चिकट पांढरा चीक गाळणारा. तो आधी सालीसकट उकडावा आणि मग साल ओढून काढावी, म्हणजे हात चिकट होत नाहीत. त्यातही इन्युलिनच असतं, तेव्हा माणशी थोडाच. मुलीनं कच्चा काप चाखायचं काम स्वतःकडे घेतलंय.